ट्यूबांची पिशवी

पोस्ट मोठी आहे, आधीच सांगतो. थोडी अवघडही आहे, कारण सुरुवात माझ्या जांघेपासून होते. हसणाऱ्यांनी हसून घ्या. पण ज्यांच्या घरात हे दुखणं नाही त्यांनीच हसायचं, म्हणजे फार आवाज होणार नाही.

मागच्या वर्षीच्या जुलैतली गोष्ट. नाल्यांना पूर, खरडून गेलेली शेतं, पंचनामे. दोन-तीन दिवस ओल्या जीन्समध्येच गाडीवर फिरत होतो. आठवडाभरानं जांघेत गोल चट्टा उठला. कड लाल, मध्ये साफ. खाज अशी की एका साहेबांची पत्रकार परिषद सुरू असताना मी खुर्चीत तिरका बसून लिहून घेत होतो. गजकर्ण. आपल्याकडे कोणी नायटा म्हणतं, कोणी दाद.

बसस्टँडजवळ मेडिकल चालवणारा माझा शाळेतला मित्र आहे. त्याला हळूच सांगितलं. त्यानं न बघताच ड्रॉवरमधून ट्यूब काढली. "लाव भाऊ. परवापर्यंत आराम."

आणि खरंच परवापर्यंत आराम पडला. सगळा घोळ इथंच आहे, म्हणून हे वाक्य पुन्हा लिहितो: खरंच आराम पडला. औषधानं गुणच आला नसता तर मी चार दिवसांत डॉक्टरकडे गेलो असतो. गुण आला, मी लावणं बंद केलं, आठ दिवसांत चट्टा दुप्पट होऊन परत आला. पुन्हा ट्यूब, पुन्हा आराम, पुन्हा चट्टा. दसऱ्यापर्यंत कमरेला पट्टा बांधावा तसा तो फिरला होता. दिवाळीत बायकोनं सांगितलं की तिलाही होऊन राह्यलं. नंतर मुलीच्या मानेवर दिसलं. घरात टॉवेल तीन, पण घाईच्या वेळी कोणाचा कोण वापरतो याचा हिशेब कुठं असतो.

शेवटी तिघंही त्वचेच्या डॉक्टरांकडे गेलो. नाव लिहीत नाही, त्यांचीच अट आहे. गावही लिहीत नाही. यवतमाळ जिल्ह्यातलं तालुक्याचं ठिकाण आहे, एवढं पुरे. मॅडम एमडी आहेत आणि बरीच वर्षं इथंच प्रॅक्टिस करतात. पूर्वी त्यांच्या बोर्डावर "त्वचा, केस व गुप्तरोग तज्ज्ञ" असं लिहिलेलं होतं. आता "गुप्तरोग" हा शब्द रंगवून टाकलाय. का, ते पुढं त्यांनीच सांगितलं. बायका बोर्डाखालून आत यायला तयार नसत. नवरा बाहेर गाडीवर थांबे, सासू विचारे की नक्की झालं काय आहे. तो रोग त्या आजही बघतात, फक्त बोर्डावर लिहीत नाहीत. दवाखाना कसा चालवायचा याचा हा त्यांचा पहिला धडा होता म्हणे, आणि तो कॉलेजात कोणी शिकवला नव्हता.

आत गेल्यावर मॅडमनी काय झालं हे नंतर विचारलं. आधी विचारलं, "पिशवी आणली का?"

अपॉइंटमेंटच्या फोनवरच त्यांच्याकडची ताई सांगते: आतापर्यंत जे जे लावलं ते सगळं आणा. रिकाम्या ट्यूबाही. पावडर, तेल, झाडपाला, शेजारणीनं दिलेली डबी, सगळं. मी कॅरीबॅग उलटी केली. सात ट्यूबा निघाल्या. मला वाटत होतं तीन-चार असतील.

मॅडमनी चष्मा वर करून एकेक ट्यूब वाचून दाखवली. "हे बुरशीचं औषध. हे जंतूंचं. आणि हे बघा, सगळ्यात बारीक अक्षरात, क्लोबेटासॉल." हे स्टेरॉइड, आणि त्वचेवर लावायच्या स्टेरॉइडमधलं सगळ्यात जोरदार. सातपैकी पाच ट्यूबांत ते नाहीतर बेटामेथासोन होतंच. नावं वेगळी, खोके वेगळे, आत तेच.

त्यांनी समजावलं ते माझ्या भाषेत असं. गजकर्ण ही बुरशी आहे. ती त्वचेवर बसली की शरीर तिच्याशी भांडतं, आणि लाली-खाज हे त्या भांडणाचं लक्षण. स्टेरॉइड लावलं की शरीर भांडणं थांबवतं. खाज गेली, लाली गेली, आपल्याला वाटतं रोग गेला. बुरशी मात्र तिथंच असते आणि आता तिला अडवणारं कोणी नसतं. म्हणून ती पसरते. तिचा चेहराही बदलतो. गोल कड पुसट होते, चट्ट्यात चट्टा उठतो, आणि कधी कधी डॉक्टरही क्षणभर चकतात. जांघेसारख्या नाजूक जागी महिनोनमहिने लावलं तर कातडी कागदासारखी पातळ होते आणि पांढऱ्या-जांभळ्या रेघा पडतात. त्या रेघा पुन्हा जात नाहीत. माझ्या डाव्या बाजूला चार आहेत.

मग त्यांनी ब्लेडच्या मागच्या बाजूनं चट्ट्याची कड खरवडली. तो कोंडा काचेवर घेतला, वर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकला आणि कोपऱ्यातल्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. थोड्या वेळानं मला म्हणाल्या, "या, बघा." कातडीच्या पेशींमधून काचेच्या बारीक फांद्यांसारखे धागे गेलेले दिसले. सहा महिने मी ज्याला खाज म्हणत होतो ते हे होतं. या तपासणीला ना मोठी लॅब लागते ना तिचा मोठा खर्च. मॅडमचं म्हणणं, माणसानं आपली बुरशी स्वतःच्या डोळ्यांनी बघितली की तो गोळ्या पूर्ण घेतो. दहा मिनिटं भाषण देऊन जे होत नाही ते या फांद्या करतात.

आणखी एक गोष्ट त्यांनी आधीच सांगून ठेवली. "स्टेरॉइड बंद केल्यावर पहिले काही दिवस खाज वाढेल. लाल होईल. तुम्हाला वाटेल मॅडमचं औषध लागू पडत नाही, मित्राची ट्यूब बरी होती. तेव्हा मला फोन करा, मेडिकलला नाही." अगदी तसंच झालं. पाचव्या रात्री मी उठून बसलो होतो, आणि ट्यूब घरात असती तर शंभर टक्के लावली असती. ती घरात नव्हती. पिशवी त्यांनी ठेवून घेतली होती.

तिघांचेही उपचार एकाच दिवशी सुरू झाले. चट्टे दिसेनासे झाल्यावरही औषध सुरूच ठेवलं. प्रत्येकाचा टॉवेल वेगळा, आतले कपडे उलटे करून उन्हात, ओलं असेल तर इस्त्री, आणि मला जीन्स बंद. सुती पँटवर मी पंचायत समितीत गेलो तर लोक विचारायले, कुठं लग्न आहे का. पूर्ण बरं व्हायला साडेतीन महिने लागले.

मधल्या काळात माझ्यातला पत्रकार जागा झाला. मॅडमना विचारलं, चार दिवस ओपीडीत बसू का? त्या लगेच हो म्हणाल्या नाहीत. अटी घातल्या. प्रत्येक पेशंटला आधी विचारायचं, तो नको म्हणाला की उठून बाहेर. पडद्याकडे यायचं नाही. फोटो नाही. म्हणून खाली जे लिहितोय त्यात वयं, गावं, नाती बदलली आहेत. कोणी ओळखायचा प्रयत्न करू नका.

दवाखाना साधा आहे. टेबल खिडकीला लावलंय, कारण चट्ट्याचा खरा रंग ट्यूबलाइटमध्ये कळत नाही. पडद्यापलीकडे बाई पेशंट असेल तर ताई आत उभी राहते, नसेल तर तपासणी नाही. कपडे न काढता "इथं आहे" म्हणून मनगट दाखवणारा पेशंट मॅडम तसा सोडत नाहीत. बाकी अंग बघतातच. एकजण हाताची खाज दाखवायला आला होता. बोटांच्या बेचक्यांत पुरळ होतं. मॅडमनी विचारलं, "रात्री जास्त खाजते का? घरात आणखी कोणाला?" तो म्हणाला, "सगळ्यांले हाय, पण मलेच जास्त हाय." खरूज. यावर त्याला एकट्याला औषध देणं म्हणजे पैसे पाण्यात. घरात माणसं किती ते मोजून सात जणांचं औषध लिहिलं. एकाच रात्री सगळ्यांनी मानेपासून तळपायापर्यंत लावायचं, नखांच्या खाली, बेंबीत, बेचक्यांत, सगळीकडे. सकाळी अंघोळ, अंथरूण-पांघरूण गरम पाण्यात आणि उन्हात. आठवड्यानं पुन्हा एकदा. "ज्याला खाजत नाही त्यानंपण?" तो विचारत होता. "त्यानं तर नक्की." माणूस वसतिगृहातला असेल तर त्याच्या परवानगीनं त्या वॉर्डनला फोन करतात. एका पोराला औषध देऊन त्याच खोलीत झोपायला पाठवण्यात काय अर्थ आहे?

मला सगळ्यात नवल वाटलं ते त्यांच्या चिठ्ठीचं. औषधाचं नाव इंग्रजीत, पण खाली मराठीत वाक्य असतं. "बोटाच्या टोकाच्या पेरावर येईल एवढी क्रीम, दोन तळव्यांएवढ्या जागेला." "ही ट्यूब पंधरा दिवसांत संपली पाहिजे. उरली तर कमी लावली, आधी संपली तर जास्त लावली." पुढच्या वेळी ट्यूब दाबून बघतात. "दिवसातून दोनदा पातळ थर" एवढ्यावर सोडलं तर कोणी वाटाण्याएवढी लावतो आणि कोणी पुरणपोळीला तूप लावल्यासारखी.

सोरायसिसच्या एका काकूंना त्या एक गोळी देत होत्या, मेथोट्रेक्सेट. ही आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. चुकून रोज घेतली तर तोंडात फोड येतात, रक्तातल्या पेशी कमी होतात, माणूस जाऊ शकतो. मॅडमनी स्ट्रिप मागवली, तिच्यावर मार्करनं मोठं "रविवार" लिहिलं आणि काकूंना विचारलं, "कधी घ्यायची?"

"रविवारी."

"सोमवारी अंग जास्त खाजलं तर?"

काकू थोड्या थांबल्या. "एखादी घेऊ का मंग?"

"नाही. खाजलं तरी नाही. सांगा बरं परत." तीन वेळा म्हणवून घेतलं. मग लेकाला आत बोलावून त्याच्याकडूनही म्हणवून घेतलं. बाहेर 20 पेशंट बसले होते, कोणीतरी कुरकुरलंही. मॅडमनी मान वर केली नाही.

इथं एक गोष्ट सांगायला पाहिजे, नाहीतर या पोस्टचा उलटा अर्थ निघेल. स्टेरॉइड म्हणजे विष असं मॅडम म्हणत नाहीत. इसबाला त्या स्वतः लिहून देतात, सोरायसिसलाही. कोणतं, किती जोराचं, कुठं आणि किती दिवस, हे ठरवून देतात. माझी पोस्ट वाचून कोणी आजच्या आज आपलं चालू औषध फेकून देऊ नका. पोटातून घ्यायचं स्टेरॉइड तर एकदम बंद करणं धोक्याचं आहे. विचारून बंद करा.

नागिणीचा पेशंट आला तेव्हा मला वाटलं आता भांडण होणार. कमरेच्या एका बाजूला फोडांची रांग, वरून गेरू थापलेला. घरच्यांना धास्ती होती की दोन्ही टोकं जुळून वेढा पूर्ण झाला तर माणूस जातो. मॅडमनी गेरूवरून एक अक्षरही काढलं नाही. फक्त सांगितलं की हा कांजिण्यांचाच जुना विषाणू आहे, तो एका मज्जातंतूच्या वाटेनं उठतो, म्हणून सहसा एकाच बाजूला राहतो. "झाडून घेतलं असेल तर घेतलं. पण गोळी आत्ता, इथंच पाणी घेऊन." पहिल्या 72 तासांत औषध सुरू झालं तर फायदा सगळ्यात जास्त. वाद घालण्यात अर्धा दिवस घालवायचा की गोळी सुरू करायची, त्यांनी निवड कधीच करून टाकली आहे. मी असतो तर अंधश्रद्धेवर भाषण ठोकलं असतं, आणि पेशंट उठून गेला असता.

एक शेतकरी आले होते. चेहरा, पापण्या, मान, कोपराच्या घड्या काळवंडून जाड झालेल्या. उन्हानं झालं असं सगळे सांगत होते. मॅडमनी विचारलं, लेकीकडे पुण्याला राहिलात तेव्हा कमी होतं का? होतं म्हणे. गाजरगवत. ते जळलं-वाळलं तरी त्याचा भुगा हवेतून लागतो. बांधावरचं गवत घरच्या दुसऱ्या कोणी काढायचं, यांनी तिकडं फिरायचंही नाही, पूर्ण बाह्यांचा शर्ट, आल्यावर अंघोळ. अर्ध्याहून जास्त उपचार हाच होता.

आणि एक तरुण, विशीतला. पाठीवर फिकट चट्टा. दीड वर्षापासून नायट्याची ट्यूब लावत होता. मॅडमनी विचारलं, "खाजतो का?" तो जवळजवळ अभिमानानं म्हणाला, "नाही मॅडम, बिलकूल नाही." त्याच्या उत्तरावर मॅडमचा चेहरा बदललेला मी पहिल्यांदा बघितला. नायटा दीड वर्ष खाजल्याशिवाय राहत नाही. त्याला डोळे मिटायला सांगितलं, कापसाची वात करून हलकेच टेकवली, "लागलं की हात वर कर." आजूबाजूला टेकवली की हात वर जायचा. चट्ट्यावर टेकवली की नाही. दोनदा, तीनदा. मग कोपराजवळची नस चाचपली.

कुष्ठरोग. त्याला बाजूला घेऊन, दार लावून, त्यांनी तोच शब्द वापरला. गोल गोल बोलल्या नाहीत. उपचार सरकारी दवाखान्यात मोफत आहे, सहा महिने किंवा वर्षभर गोळ्या, सुरू केल्यावर तुझ्यापासून कोणाला होत नाही, हातापायाला काही झालेलं नाही आणि वेळेत आलास म्हणून होणारही नाही. हे मला त्यांनी नंतर, त्याच्या संमतीनं सांगितलं. आपल्या शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याला बाबा आमट्यांचं आनंदवन 1949 पासून आहे, आपण शाळेच्या सहली नेतो, आणि तरी आपल्याला वाटतं हा रोग आता पुस्तकात राहिला. 2005 च्या अखेरीला देशानं जाहीर केलं ते एवढंच की सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न या अर्थानं त्याचं दूरीकरण झालं, म्हणजे दहा हजारांमागे एकाहून कमी रुग्ण. रोग संपला असं कोणी म्हटलं नव्हतं. दीड वर्ष ट्यूब लावत बसलेला पोरगा त्या आकड्यात कधी धरला जाणार होता?

आता ज्याच्यासाठी पोस्ट लिहायला बसलो तिथं येतो. चार दिवस टाळत होतो.

तिसऱ्या दिवशी एक मुलगी आली, सोबत आई. लग्न पंधरा दिवसांवर. चेहरा लालबुंद, गालांवर बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं, हनुवटीवर पुळ्या, ओठांच्या वर लव वाढलेली. उन्हात गेलं की आग, चुलीजवळ गेलं की आग. पिशवीत दोन गोरेपणाच्या ट्यूबा निघाल्या आणि एक पांढरी प्लॅस्टिकची डबी, तिच्यावर कागदसुद्धा चिकटवलेला नव्हता. मॅडमनी विचारलं, ही कुठली? आई म्हणाली, "शिबिरातली, मॅडम. पेपरात आलं होतं न."

मी तिथंच, दीड हातावर बसलो होतो.

ते शिबिर मला माहीत होतं. बाहेरगावाहून दोन महिन्यांतून एकदा येणारा एकजण, लॉजच्या हॉलमध्ये बसतो. "पांढरे डाग मुळापासून, वांग, मुरूम, गोरेपणा, 100 टक्के गॅरंटी." ती जाहिरात आमच्या पेपराला मी आणून दिली होती. तालुक्याच्या बातमीदाराला मानधन किती मिळतं ते विचारू नका, जाहिरातीच्या कमिशनवर घर चालतं. माझं 15 टक्के. आणि जाहिरातदार खूश राहावा म्हणून दुसऱ्या दिवशी "त्वचारोग शिबिरास उत्स्फूर्त प्रतिसाद" ही बातमीही मीच लिहिली होती. माझ्या नावानं. पत्रकारितेच्या डिप्लोम्यात बातमी आणि जाहिरात यांच्यात रेघ असते असं शिकवलं होतं. परीक्षेत त्यावर मला चांगले मार्क होते.

मुलगी रडत होती. तिला पंधरा दिवसांत चेहरा साफ पाहिजे होता. मॅडमकडे तसा उपाय नव्हता असं नाही. तीच चीज आणखी जोराची लिहून दिली असती तर लग्नाच्या फोटोपुरता चेहरा गुळगुळीत झाला असता, आणि पेशंटनं गावभर नाव काढलं असतं. मॅडमनी सांगितलं की बंद केल्यावर आधी वाढेल, मग महिन्यांनी हळूहळू उतरेल. लग्नात चेहरा लाल असेल. आईला राग आला. फी देताना म्हणाली, "मंग इथं येऊन फायदा काय?" त्या परत आल्या की नाही हे मी विचारलं नाही. मॅडमनी सांगितलंही नसतं.

ओपीडी संपल्यावर मी मॅडमना सांगून टाकलं की ती जाहिरात मी घेतली होती, बातमी मी लिहिली होती. त्या कागद आवरत होत्या. म्हणाल्या, "माहीत आहे. तुमचं नाव होतं वर." पहिल्या दिवसापासून माहीत होतं, आणि तरी त्यांनी मला बसू दिलं.

घरी येऊन कायदा वाचला, जो मी आधी वाचायला पाहिजे होता. औषधे आणि जादूचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्धचा कायदा, 1954 चा. ज्या रोगांवर इलाजाची जाहिरातच करता येत नाही त्यांच्या यादीत कोड आहे, कुष्ठरोगही आहे. आणि बंदी फक्त जाहिरात देणाऱ्यावर नाही. अशी जाहिरात प्रसिद्ध करण्यात भाग घेणाऱ्या कोणावरही आहे. म्हणजे मी.

ट्यूबांचंही तेच. 2018 मध्ये केंद्र सरकारनं त्वचेवर लावायची 14 स्टेरॉइड औषधं शेड्यूल एचच्या कडक यादीत आणली, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये औषधांच्या 328 मिश्रणांवर बंदी आली, त्यात त्वचेची काही क्रीमही होती. त्वचारोगतज्ज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेनं यासाठी बरीच वर्षं पाठपुरावा केला होता. ट्यूबेवर लाल रेघ असते, बघा. ती रेघ माझ्या सातपैकी पाच ट्यूबांवर होती, आणि चिठ्ठी मला कोणी एकदाही मागितली नाही. मीही कधी म्हटलं नाही की थांब, चिठ्ठी आणतो.

दुसरीकडं बुरशी पुढं निघून गेली आहे. नेहमीच्या गोळीला दाद न देणारी एक जात आता ओळखली गेली आहे. 2020 मध्ये जपानमधल्या संशोधकांनी भारत आणि नेपाळमधल्या रुग्णांच्या नमुन्यांवरून तिला नाव दिलं: ट्रायकोफायटन इंडोटिनी. नावातच आपण आहोत. 2023 मध्ये न्यूयॉर्कमध्येही ती सापडल्याची नोंद झाली. आपल्या ड्रॉवरमधल्या ट्यूबा आणि अर्धवट सोडलेल्या गोळ्या तिला खतपाणी घालतात, असं तज्ज्ञ सांगतात. जांघेतली खाज एवढी लांब जाते.

मेडिकलवाल्या मित्राकडे जाऊन बसलो. भांडायला नाही. तो म्हणाला, "मी नाही दिली तर समोरचा देते. मॅडमची फी तीनशे, ट्यूब ऐंशीची. खेड्यातून येणाऱ्या माणसाची मजुरी बुडते, बसचं तिकीट वेगळं, आणि मॅडमकडे दुपारपर्यंत नंबर लागत नाही. त्याले मी काय सांगू, जा म्हणून?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. ग्रामीण रुग्णालयात आठवड्यातून एक दिवस तरी त्वचेचा डॉक्टर बसावा ही मागणी आपण कधी केली? रस्त्यासाठी, पाण्यासाठी निवेदनं दिली. खाजेसाठी कोण देणार, लाज वाटते. शेवटी मित्र एवढंच कबूल झाला की नुसतं बुरशीचं, स्टेरॉइड नसलेलं क्रीम समोर ठेवीन, आणि दोन आठवड्यांत फरक नसेल तर डॉक्टरकडे जा असं सांगीन. चेहऱ्यासाठी चिठ्ठीशिवाय काही देणार नाही. किती दिवस पाळतो बघू. मी अधूनमधून जाऊन बसतो.

डबीवाल्याबद्दल अन्न व औषध प्रशासनाकडे अर्ज दिला आहे, सोबत माझीच बातमी आणि जाहिरातीचं कात्रण जोडलंय. पोच माझ्याकडे आहे. ज्यांच्याकडे त्या शिबिरातली डबी, पावती किंवा पत्रक असेल त्यांनी मला मेसेज करावा, नाव कुठंही येणार नाही. डबी धुऊन टाकू नका.

त्याचा गेल्या आठवड्यात पुन्हा फोन आला होता. दिवाळी अंकात अर्धं पान पाहिजे, या वेळी रंगीत. नाही म्हटलं. कार्यालयाला कळवलं तर तिकडून उत्तर आलं की ठीक आहे, पण तेवढ्या रकमेची दुसरी जाहिरात तुम्ही आणा. तर मित्रांनो, कृषी केंद्र, मंगल कार्यालय, शिकवणी, दूध डेअरी, कोणाला दिवाळी अंकात अर्धं पान घ्यायचं असेल तर महिनाअखेरपर्यंत सांगा. चौथाई पानही चालेल, दोघं मिळून घ्या.